सुताच्या गोदामासाठी बिनबॅटरीचे संवेदक : रेक्टेनाची रचना नेमकी कोठे चुकते आहे?

सुतकोन, सोलापूर (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत आमचे सुताचे गोदाम आहे आणि मी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पावसाळ्यात सुती कोन (शंकूवर गुंडाळलेले सूत) ओल धरतात, वजनात फरक पडतो आणि गिऱ्हाइकाशी वाद होतात. म्हणून गोदामात बारा ठिकाणी आर्द्रतेचे संवेदक बसवावेत, असा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. पेट्यांच्या थप्प्या छतापर्यंत लागल्या की मागच्या भिंतीपर्यंत हात पोहोचत नाही आणि बॅटरी बदलणे अशक्य होते, त्यामुळे हवेतल्या रेडिओ लहरींवरच हे संवेदक चालावेत अशी माझी कल्पना आहे. लहर पकडणारा अँटेना आणि तिची एकदिश वीज (डीसी) करणारा डायोड यांच्या जोडीला रेक्टेना म्हणतात.

माझी रचना अशी आहे. एफआर४च्या (सर्किटसाठी नेहमी वापरतात त्या काचतंतूच्या) १.६ मिलिमीटर जाडीच्या पाटीवर २.४५ गिगाहर्ट्झसाठी सुमारे ३७ बाय २९ मिलिमीटरचा पॅच अँटेना (तांब्याचा सपाट आयत) कोरला. त्याच्या मागे, एका व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे, १एन४१४८ डायोड वापरून सात टप्प्यांचा व्होल्टेज मल्टिप्लायर (व्होल्टेज पायरीपायरीने वाढवणारे सर्किट) जोडला. वाय-फाय राउटरपासून तीन मीटरवर मल्टिमीटर शून्य दाखवतो. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून तो पॅचला टेकवला तर ४० मिलिव्होल्ट दिसतात, आणि मोबाइल वीतभर दूर नेला की तेही जातात. रेक्टेनाची कार्यक्षमता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते असे मी वाचले आहे. मग माझी चूक अँटेनात आहे, डायोडमध्ये आहे, की मुळात अपेक्षेतच आहे?

निवृत्त_प्रक्षेपण, सोलापूर

आपल्या प्रश्नातील शेवटचा पर्यायच प्रथम तपासावा, असे मी सुचवेन. माझे सारे आयुष्य प्रक्षेपकांच्या बाजूला गेले, त्यामुळे अँटेनाचे चित्र काढण्याआधी हिशेबाची वही उघडण्याची सवय लागली आहे. दूरच्या अँटेनापर्यंत किती शक्ती पोहोचते, तो हिशेब हॅराल्ड फ्रीस यांनी १९४६ साली एका ओळीच्या सूत्रात मांडून ठेवला आहे आणि त्याला गोदाम, शेत वा प्रयोगशाळा असा भेद ठाऊक नाही.

राउटर सुमारे १०० मिलिवॉट, म्हणजे २० डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती), प्रक्षेपित करतो असे धरू. २.४५ गिगाहर्ट्झला तीन मीटर अंतरात जवळपास ५० डीबीची घट होते. एफआर४वरील पॅचचा लाभ (लहर एका दिशेला एकवटण्याचा फायदा), त्या पाटीतील क्षय वजा जाता, ३ डीबीच्या आसपास धरला, तर आपल्या हाती उणे २७ डीबीएम, म्हणजे दोन मायक्रोवॉट येतात. तेही राउटर प्रत्यक्ष बोलत असतानाच. रिकामा राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपली ओळख सांगणारा छोटा संदेश पाठवतो आणि उरलेला बहुतेक वेळ गप्प असतो, त्यामुळे सरासरी काढली तर हे दोन मायक्रोवॉटही फार मोठे वाटू लागतात. शिवाय ५० ओहमवर दोन मायक्रोवॉट म्हणजे जेमतेम १४ मिलिव्होल्टचे शिखर, आणि त्यासमोर आपण ठेवला आहे सिलिकॉनचा डायोड, जो अर्धा-पाऊण व्होल्ट मिळाल्याशिवाय मोकळेपणाने दार उघडत नाही. मल्टिमीटरने शून्य दाखवले यात त्याचा काही दोष नाही.

ऐंशी टक्क्यांची गोष्ट खरी आहे, पण ती निराळ्या गावची आहे. रेथिऑन कंपनीचे विल्यम ब्राउन यांनी १९६४ साली सूक्ष्मतरंगांवर चालणारे छोटे हेलिकॉप्टर उडवून दाखवले, आणि १९७५ साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे २६ मीटर व्यासाच्या तबकडीतून सुमारे दीड किलोमीटर दूर असलेल्या रेक्टेनाकडे शक्ती पाठवून तीस किलोवॉटहून अधिक एकदिश वीज मिळवण्यात आली. तेथे एकेका डायोडच्या वाट्याला वॉटच्या मापाची शक्ती येत होती. डायोडला भरपूर खायला घातले की तो भरपूर काम करतो. मायक्रोवॉटच्या पातळीवर तोच डायोड बहुतेक शक्ती स्वतःच गिळून टाकतो.

हवेत आयत्या असलेल्या मोबाइल लहरींचेही पाहू. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या २७० स्थानकांबाहेर इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी केलेली मोजणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत ९०० मेगाहर्ट्झच्या जीएसएम पट्ट्याची सरासरी घनता दर चौरस सेंटिमीटरला ३६ नॅनोवॉट निघाली. साध्या द्विध्रुव (दोन सरळ तारांच्या) अँटेनाचे परिणामी, म्हणजे लहर टिपणारे, क्षेत्रफळ या वारंवारितेला सुमारे १४५ चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे हाती पाच मायक्रोवॉट, आणि तेही उघड्यावर. आपले गोदाम पत्र्याचे असेल, तर पत्रा बाहेरच्या लहरींना उंबऱ्यावरच परतवून लावेल.

म्हणून माझा सल्ला असा, की आयत्या लहरींचा नाद सोडून गोदामात स्वतःचा प्रक्षेपक लावावा. भारतात ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणारा आरएफआयडीचा (रेडिओ लहरींनी लेबले ओळखण्याच्या यंत्रणेचा) पट्टा परवानामुक्त आहे, मात्र प्रक्षेपकाची कमाल शक्ती १ वॉट आणि अँटेनासह परिणामी प्रारित शक्ती ४ वॉट ही मर्यादा त्याला आहे, आणि उपकरणाला प्रकार-मान्यता असावी लागते. ८६६ मेगाहर्ट्झला ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम धरले, तर पाच मीटरवर ४५ डीबी घट होते. द्विध्रुवाचे २ डीबी मिळवले की उणे ७ डीबीएम, म्हणजे सुमारे १९० मायक्रोवॉट हाती येतात. राउटरच्या तुलनेत ही जवळपास शंभरपट कमाई आहे, आणि ती अखंड आहे.

घरच्यांच्या मनात एक शंका येईल, म्हणून तिचेही उत्तर देऊन ठेवतो. ४ वॉटच्या या प्रारणाची घनता एक मीटरवर दर चौरस मीटरला ०.३२ वॉट होते. मोबाइल मनोऱ्यांसाठी आपल्याकडे सप्टेंबर २०१२ पासून जी मर्यादा लागू झाली, ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे आणि या वारंवारितेला ०.४३ वॉट येते. अँटेना छताजवळ, हमालांच्या डोक्यापासून मीटरभर वर ठेवली, की तेवढी कडक मर्यादाही पाळली जाते.

शॉट्की

वरील हिशेब मान्य आहे, एक दुरुस्ती मात्र करतो. आरएफआयडी वाचकाची (लेबले वाचणाऱ्या प्रक्षेपकाची) अँटेना बहुधा वर्तुळाकार ध्रुवीकरणाची (कंपनाची दिशा गोल फिरवणारी) असते आणि आपला द्विध्रुव रेषीय (एकाच रेषेतले कंपन टिपणारा), त्यामुळे ३ डीबी, म्हणजे निम्मी शक्ती, तेथेच सोडून द्यावी लागेल. पाच मीटरवर १९० नव्हे, ९५ मायक्रोवॉट धरावेत. त्या बदल्यात संवेदक उभा, आडवा कसाही टांगला तरी चालतो, आणि गोदामात हा सौदा वाईट नाही.

आता डायोडविषयी, कारण विद्यार्थ्यांचे निम्मे प्रकल्प येथेच अडकतात. १एन४१४८ची धारिता (कपॅसिटन्स) ४ पिकोफॅरडपर्यंत असते. २.४५ गिगाहर्ट्झला ४ पिकोफॅरड म्हणजे केवळ १६ ओहमचा अवरोध होतो, म्हणून लहर डायोडच्या संधीतून न जाता तिला वळसा घालून निघून जाते आणि एकदिशीकरण होतच नाही. पॉवर सप्लायमधील १एन५८१९ हाही शॉट्कीच (धातू आणि अर्धवाहक यांच्या संधीचा डायोड) आहे, पण त्याची धारिता त्याहून कितीतरी मोठी, म्हणून नाव पाहून तो घेऊ नये. आपल्याला हवा तो शून्य-बायसवर (बाहेरून व्होल्टेज न देता) चालणारा शोधक शॉट्की, उदाहरणार्थ एसएमएस७६३०. त्याची धारिता ०.१४ पिकोफॅरड, श्रेणी-रोध सुमारे २० ओहम आणि संपृक्त प्रवाह ५ मायक्रोअँपिअर आहे. मात्र त्याची उलट सहनशक्ती फक्त २ व्होल्ट असल्याने तो वाचकाच्या अँटेनाला चिकटवून पाहण्याचा मोह टाळावा. धातू आणि अर्धवाहक यांच्या स्पर्शाने लहर ओळखण्याची ही युक्ती नवी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकावर हेच केले होते आणि त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले.

मुख्य मुद्दा यापुढे आहे. आपण अँटेना ५० ओहमची केली, मल्टिप्लायर वेगळा केला आणि दोन्ही जोडले. परंतु एवढ्या कमी शक्तीवर या डायोडच्या संधीचा रोध सुमारे ५,००० ओहम असतो, शिवाय समांतर धारिता असतेच. पन्नास आणि पाच हजार यांची गाठ सरळ घातली, तर आलेली लहर बहुतांश परत फिरते. मध्ये जुळणीचे जाळे घातले, तर व्होल्टेज दहापट चढवता येते, पण तेथील इंडक्टरच्या क्षयात बरीच शक्ती जाते आणि पट्टाही अरुंद होतो. त्यापेक्षा अँटेनाचाच अवरोध डायोडला पूरक होईल असा घडवावा, म्हणजे त्याचा रोध वाढवावा आणि डायोडच्या धारितेला तोडीस तोड प्रेरकत्व (इंडक्टन्स) त्याला द्यावे. कपड्यांच्या दुकानातले आरएफआयडीचे लेबल उजेडासमोर धरून पाहा. मधोमध दिसणारी छोटी चौकोनी वेटोळी शोभेची नसते, ती हेच काम करते. रेक्टेनात अँटेना आणि डायोड या दोन वस्तू नाहीतच. एकीची रचना करताना दुसरी समोर असावीच लागते.

सात टप्प्यांचा मोह सोडा. प्रत्येक टप्पा डायोडचा वाटा काढून घेतो, आणि उणे १० डीबीएमच्या आसपास दोन डायोडांचा एकच टप्पा जास्त वीज देतो. व्होल्टेज कमी पडले तर पुढे बीक्यू२५५७० सारखा, व्होल्टेज चढवणारा बूस्ट चिप लावावा. त्याला पहिल्यांदा जागे व्हायला सुमारे ६०० मिलिव्होल्ट आणि १५ मायक्रोवॉट लागतात, एकदा जागा झाला की तो १०० मिलिव्होल्टवरही ओढत राहतो.

मोजताना मल्टिमीटर सरळ लावू नये. त्याचा रोध १० मेगाओहम असतो, त्यामुळे आपण पाहिलेले ४० मिलिव्होल्ट म्हणजे विनाभाराचे व्होल्टेज आहे आणि त्यातून शक्तीविषयी काहीच कळत नाही. आधी ५ किलोओहमचा भार लावा, त्यावरचे व्होल्टेज वाचा, मग भार बदलत शक्तीचे शिखर शोधा. आणि ८६६ मेगाहर्ट्झसाठी एफआर४वर पॅच करू नका. तो ८२ मिलिमीटर लांब होईल आणि मिळालेल्या शक्तीचा मोठा भाग पाटी तापवण्यात घालवेल. साध्या तांब्याच्या तारेचा अर्धतरंग द्विध्रुव फुकटात त्याहून चांगला निघेल.

सुतकोन

दोघांचेही मनःपूर्वक आभार. राउटरचा मार्ग मी सोडून देत आहे. अजून एक विचारतो. सोलापुरात राहून सुतावर प्रकल्प करायचा, तर अँटेना तारेची न करता वाहक धाग्याने विणून चादरीच्या काठासारखी पट्टीच केली आणि ती पेट्यांमध्ये टाकली तर चालेल काय? दिसायला ती कल्पना मला फार आवडते.

ताणाबाणा, सोलापूर

माझे वडील जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) चादरी विणत होते आणि मी स्वतः टेरी टॉवेलच्या कारखान्यात देखभालीचे काम पाहतो. अँटेनाचे गणित माझे नाही, परंतु चांदी चढवलेल्या नायलॉनच्या धाग्याचे काही नमुने आम्ही एका संशोधक गटासाठी विणून दिले होते, त्यातून जे कळले ते सांगतो.

धागा ताण्यात (उभ्या धाग्यांत) घालायचा की बाण्यात (आडव्या धाग्यांत), हा पहिला निर्णय. ताण्यात घातला तर तो मागाची वही (उभे धागे वर-खाली करणारा भाग) आणि फणी यांतून हजारो वेळा घासला जातो आणि चांदी निघते. बाण्यात घातला तर घर्षण कमी होते आणि जेकार्डमुळे हवा तेथेच धागा वर उचलून नक्षी काढता येते, म्हणून आम्ही बाणाच निवडला. पण विणलेला धागा सरळ नसतो, तो एका ताराखालून, एका तारावरून नागमोडी जातो. मोजपट्टीवर १६ सेंटिमीटर दिसणारी पट्टी प्रवाहाच्या दृष्टीने त्याहून लांब असते, आणि नमुन्यांची वारंवारिता दर वेळी अपेक्षेपेक्षा खाली येई. त्या गटातील एका बाईंनी समजावले होते, की या वारंवारितांना प्रवाह धातूच्या वरच्या दोन-तीन मायक्रोमीटरमधूनच वाहतो, म्हणून चांदीचा थर चिरला की धागा अखंड दिसूनही अँटेना म्हणून संपलेला असतो. टॉवेलसारखी मऊ, कुरळी वीण यासाठी मुळीच नको. घट्ट साधी वीण घ्यावी.

आता ओल. प्रमाण हवामानात सुती धागा वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरतो आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पाण्याची परावैद्युतता (विद्युतक्षेत्राची ऊर्जा साठवण्याची क्षमता) सुक्या सुतापेक्षा कितीतरी पट मोठी असल्याने ओल वाढली की सुती अँटेनाचा सूर (ती जुळलेली असते ती वारंवारिता) उतरतो. वैशाखातल्या कोरड्या सोलापुरात जुळवलेली पट्टी आषाढात बेसूर होईल. आधारवस्त्र पॉलिस्टरचे घेतले तर ही अडचण बरीच कमी होते. पण मला वाटते, आपण उलटा विचारही करावा. आपल्याला मोजायची आहे ती ओलच, आणि सुती पट्टीचा सूर ओलीनेच बदलतो. मग एक पट्टी पॉलिस्टरची वीज गोळा करायला आणि दुसरी सुती, केवळ तिचा सूर किती उतरला हे पाहायला, अशी जोडी का करू नये? हे गणितात बसते की नाही ते वरच्या मंडळींनी सांगावे.

पट्टी पेट्यांच्या आत टाकण्याला मात्र माझा विरोध आहे. ओलसर सुताच्या चार थरांमागे लहर पोहोचेपर्यंत तिच्यात फारसे काही उरणार नाही.

सात_रस्ता

सर्वांचा आदर राखून एक व्यवहाराचा प्रश्न विचारतो. सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी काही रुपयांत मिळते, तिच्यात २२५ मिलिअँपिअर-तास असतात, आणि संवेदकाचा सरासरी प्रवाह १० मायक्रोअँपिअर ठेवला तर ती अडीच वर्षे पुरते. सुताची थप्पी अडीच वर्षे जागेवर कोण ठेवतो? माल उचलला जाईल तेव्हा बॅटरी बदलावी. एवढ्यासाठी छताला ४ वॉटचा वाचक दिवसरात्र जाळायचा, जो स्वतः कित्येक वॉट वीज खातो, हे मला पटत नाही.

निवृत्त_प्रक्षेपण, सोलापूर

सात_रस्ता यांचा हिशेब अचूक आहे आणि प्रकल्पाच्या अहवालात तो पहिल्याच प्रकरणात असावा. फक्त गोदामात मालाच्या नोंदीसाठी आरएफआयडीचा वाचक आधीच बसवायचा असेल, तर त्याच लहरीवर संवेदक चालवणे जवळपास फुकट पडते, आणि तसे नसेल तर बॅटरीच घ्यावी. संवेदकाला एकदा जागे होऊन मोजायला व पाठवायला एक मिलिज्यूल लागतो असे सैल हाताने धरले, आणि पाच मीटरवरच्या ९५ मायक्रोवॉटपैकी सारा क्षय वजा जाता वीस मायक्रोवॉट उरले, तर दर पन्नास सेकंदांनी एक नोंद मिळते. ओल एवढ्या घाईने बदलत नाही, तासाला एक नोंदही पुष्कळ झाली, म्हणजे दहा मीटरवरही हे जमण्याजोगे आहे.

ताणाबाणा यांच्या दुहेरी पट्टीची कल्पना तत्त्वतः बसते, आणि अँटेनाच्या बिघडलेल्या सुरावरून ओल ओळखणारी आरएफआयडी लेबले अस्तित्वातही आहेत. मात्र सूर उतरला म्हणून शक्ती कमी झाली, की मधे कोणी पेटी आणून ठेवली म्हणून, हे केवळ एका व्होल्टेजवरून सांगता येणार नाही. त्यासाठी वाचकाने दोन वारंवारितांवर तुलना करावी लागेल आणि आपला पट्टा त्यासाठी फार अरुंद आहे.

पत्र्याविषयी एक राहिले. बाहेरच्या लहरींना अडवणारा पत्रा आतल्या लहरींनाही उसळवतो, त्यामुळे गोदामात उभ्या लहरी तयार होतात आणि शिखर व दरी यांच्यात तरंगलांबीचा चौथा भाग, म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटरच अंतर असते. एखादा संवेदक मेला असे वाटले, तर तो उघडण्याआधी चार बोटे सरकवून पाहावा.

सुतकोन

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. प्रयोगशाळेतील वाचक दोन दिवसांसाठी मिळाला. तो पूर्ण ४ वॉटचा नाही, त्याचे परिणामी प्रारण २ वॉटच्या आसपास आहे. साडेसोळा सेंटिमीटरच्या तारेचा द्विध्रुव, मध्ये छोटी वेटोळी, एसएमएस७६३०च्या दोन डायोडांचा एक टप्पा आणि ५ किलोओहमचा भार, अशी मांडणी केली. दोन मीटरवर ०.५५ व्होल्ट मिळाले, म्हणजे ६० मायक्रोवॉट. हिशेबाने त्या जागी सुमारे ३०० मायक्रोवॉट येत असावेत, तेव्हा कार्यक्षमता वीस टक्के पडते, आणि वेटोळीची जुळणी अजून कच्ची आहे हे उघड आहे. गोदामात मागच्या भिंतीजवळ हेच व्होल्टेज ०.२ वर आले होते, पण चार बोटे सरकवताच ०.३८ झाले.

बॅटरीचा हिशेब अहवालात घेतला आहे. वडिलांना मालाच्या नोंदीसाठी वाचक हवाच आहे, त्यामुळे तो प्रश्न तूर्त मिटला.

एक गोष्ट मात्र नवीन दिसली. हीच तार सुताच्या कोनाला टेकवली की व्होल्टेज जवळजवळ निम्मे होते. सुतामुळे सूर खाली येत असावा असे धरून आता तारेची दोन्ही टोके एकेक मिलिमीटर कापत जातो आहे. काल रात्रीपर्यंत १५.९ सेंटिमीटरपर्यंत आलो, व्होल्टेज अजून वाढतेच आहे.